आसरा दिला, अधिकार केव्हा?

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरन येथे पर्यटकांना धर्म विचारून गोळ्या घालण्यात आल्या आणि साऱ्या देशात संतापाची लाट उसळली. दोनच दिवसांत केंद्र सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केल्याची घोषणा केली. निर्णय योग्य होता, जनतेने त्याचे स्वागतच केले. परंतु ही बातमी ऐकून जोधपूरच्या परिसरातील, जैसलमेर-बाडमेरच्या वाळवंटातील आणि दिल्लीच्या मजनू का टीला येथील झोपड्यांमध्ये मात्र काळजाचा ठोका चुकला. त्या झोपड्यांतून राहणारी माणसे हिंदू होती. ज्या मानसिकतेने पहलगाममध्ये रक्त सांडले, तिच्याच भयाने ती सिंधमधील घरदार सोडून इथे आली होती. पण त्यांच्या गाठोड्यातील पारपत्रावर नाव होते ते पाकिस्तानचेच!

सरकारने तातडीने खुलासा केला की, हिंदू पाकिस्तानी नागरिकांना यापूर्वी दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा वैध राहतील. वस्त्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. ज्यांचे व्हिसाचे अर्ज अजून कुठल्या तरी टेबलावर पडून होते, त्यांचा जीव मात्र आणखी काही दिवस टांगणीलाच लागला होता. प्रश्न असा आहे की, दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे या भूमीवर राहिलेल्या, इथेच मुलांची लग्ने केलेल्या, इथल्याच स्मशानात आपल्या वडीलधाऱ्यांना अग्नी दिलेल्या माणसांचे भवितव्य सरकारी खुलाशाच्या एका ओळीवर का अवलंबून असावे? आसरा देणे हे औदार्य झाले. पण जो आपलाच आहे त्याला औदार्याची गरज नसते, त्याला अधिकार हवा असतो.

फाळणीच्या वेळचा शब्द

या माणसांना आज ‘परदेशी’ म्हणणाऱ्यांनी इतिहासाची पाने चाळून पाहावीत. फाळणी ही सिंधच्या हिंदूंनी मागितली नव्हती. थरपारकरच्या भिल्लाला, मेघवाळाला वा कोळ्याला कोणी विचारले नव्हते की, तुला कोणत्या देशात राहायचे आहे. सीमारेषा त्याच्या शेतापलीकडून आखली गेली आणि एका रात्रीत तो आपल्याच पूर्वजांच्या देशाला परका ठरला.

त्या काळी देशातील सर्व विचारांच्या धुरीणांनी या बांधवांना शब्द दिला होता. महात्मा गांधींनी १९४७ च्या प्रार्थनासभांतून सांगितले होते की, पाकिस्तानातील हिंदू आणि शीख यांना तिथे राहणे अशक्य झाले, तर ते भारतात येऊ शकतात आणि त्यांच्या उदरनिर्वाहाची सोय करणे हे भारत सरकारचे कर्तव्य ठरेल. पंडित नेहरूंनीही स्वातंत्र्यदिनाच्या संदेशात राजकीय सीमांमुळे दुरावलेल्या बंधुभगिनींचे स्मरण केले होते आणि काहीही झाले तरी ते आपलेच राहतील, असा निर्वाळा दिला होता.

आणखी एक शब्द महाराष्ट्राच्या कन्येने दिला होता. राष्ट्र सेविका समितीच्या संस्थापिका वंदनीय मावशी केळकर फाळणीच्या ऐन वणव्यात विमानाने कराचीला गेल्या आणि १४ ऑगस्ट १९४७ रोजी, पाकिस्तान अस्तित्वात येत असताना, त्यांनी तेथील सेविकांना धीर दिला. भारतात आल्यावर तुमची सर्व व्यवस्था होईल, हे त्यांचे आश्वासन होते आणि समितीच्या घराघरांनी ते पाळले. त्याच महिन्याच्या आरंभी श्रीगुरुजीही सिंधमध्ये जाऊन आले होते. स्वयंसेवकांनी तिथे जिवाची बाजी लावून हिंदू समाजाला सुखरूप सीमेपार आणले. समाजाने आपला शब्द पाळला. राज्याने पाळला काय?

पंजाबरावांचा दूरदर्शीपणा

ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत नागरिकत्वाच्या कलमांवर चर्चा झाली. संविधानातील एका कलमाचा अपवाद वगळता दुसऱ्या कोणत्याही कलमाने मसुदा समितीला एवढी डोकेदुखी दिली नाही, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तेव्हा सांगितले. त्या चर्चेत विदर्भाचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख यांनी एक दुरुस्ती सुचविली. जो धर्माने हिंदू वा शीख आहे आणि अन्य कोणत्याही देशाचा नागरिक नाही, त्याला तो कुठेही राहत असला तरी भारताच्या नागरिकत्वाचा हक्क असावा, अशी ती सूचना होती. शेतकऱ्यांचे कैवारी, शिक्षणमहर्षी आणि बहुजन समाजाचे नेते असलेल्या पंजाबरावांना जातीयवादी म्हणण्याचे धाडस आज कोणताही पुरोगामी करणार नाही. जगभरातील हिंदूला हक्काचा दुसरा देश नाही, एवढे साधे सत्य त्यांनी ओळखले होते. त्यांची दुरुस्ती फेटाळली गेली.

संविधानाने १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून आलेल्यांना नागरिक मानले, त्यानंतर आलेल्यांसाठी नोंदणीची तरतूद केली आणि पुढचा सारा प्रश्न अनुच्छेद ११ अन्वये संसदेवर सोपविला. घटनाकारांची कल्पना अशी की, स्थलांतराचा ओघ काही वर्षांत थांबेल. तो थांबला नाही. तो थांबण्यासारखी परिस्थिती सीमेपलीकडे कधी निर्माणच झाली नाही.

बाबासाहेबांची हाक, मंडल यांचा पश्चात्ताप

नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी एक निवेदन काढून पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्य बांधवांना भारतात येण्याचे आवाहन केले. सफाईची कामे करणाऱ्या दलितांना ‘अत्यावश्यक सेवे’च्या नावाखाली पाकिस्तान सरकार भारतात येऊ देत नव्हते. सवर्ण हिंदू गेला तरी चालेल, पण झाडू मारणारा जाता कामा नये, असा तो न्याय! बाबासाहेबांनी १८ डिसेंबर १९४७ रोजी पंडित नेहरूंना पत्र लिहून याकडे लक्ष वेधले. नागरिकत्व सुधारणा कायद्याला जे लोक बाबासाहेबांच्या नावाने विरोध करतात, त्यांनी ही दोन्ही कागदपत्रे एकदा वाचावीत.

बाबासाहेबांना १९४६ मध्ये बंगालमधून घटना समितीवर निवडून आणण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते नमोशूद्र समाजाचे नेते जोगेंद्रनाथ मंडल यांनी मात्र वेगळा मार्ग धरला. दलित-मुस्लिम ऐक्याच्या भरवशावर ते मुस्लिम लीगबरोबर गेले. पाकिस्तानच्या घटना समितीच्या पहिल्या बैठकीचे तात्पुरते अध्यक्षपद त्यांनी भूषविले, पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. तीन वर्षे पुरती झाली आणि या कायदामंत्र्याला ऑक्टोबर १९५० मध्ये पदाचा राजीनामा देऊन भारतात आश्रय घ्यावा लागला. पूर्व बंगालमधील हिंदूंवरील अत्याचारांचा पाढाच त्यांनी आपल्या राजीनामापत्रात वाचला आहे. ज्या देशात कायदामंत्री आपल्या जातिबांधवांचे रक्षण करू शकला नाही, तिथे थरपारकरच्या वेठबिगाराने कोणाकडे दाद मागावी?

त्याच वर्षी एप्रिलमध्ये नेहरू-लियाकत करार झाला. दोन्ही देश आपापल्या अल्पसंख्यकांचे रक्षण करतील, असे त्यात ठरले. हा करार कागदावरच राहणार हे ओळखून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. भारताने आपली बाजू पाळली. पाकिस्तानने १९५६ मध्ये स्वतःला इस्लामी प्रजासत्ताक घोषित केले. १९७३ च्या घटनेने इस्लामला राजधर्म ठरविले आणि राष्ट्राध्यक्षपदाची दारे बिगरमुस्लिमांना बंद केली. करार एका पक्षाने मोडला, तर त्या कराराच्या भरवशावर मागे राहिलेल्यांची जबाबदारी दुसऱ्या पक्षावर येते, हा साधा न्याय आहे.

आकडे काय सांगतात?

१९५१ च्या जनगणनेत पूर्व बंगालमध्ये हिंदूंचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. बांगलादेश झाल्यावर १९७४ मध्ये ते साडेतेरा टक्के, २०११ मध्ये साडेआठ टक्के आणि २०२२ च्या जनगणनेत आठ टक्क्यांच्याही खाली आले. ही घसरण आपोआप झाली नाही. १९६५ च्या युद्धानंतर पाकिस्तानने शत्रू संपत्ती कायदा आणला. बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर कायद्याचे नाव बदलून ‘निहित संपत्ती’ झाले, हिंदूंच्या जमिनी गिळण्याचे काम मात्र तसेच चालू राहिले. या कायद्यापायी लक्षावधी हिंदू कुटुंबे भूमिहीन झाल्याचे संशोधन ढाका विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ अबुल बरकत यांनी मांडले आहे. ते काही संघाचे स्वयंसेवक नव्हेत! ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तांतर होताच हिंदूंची घरे आणि मंदिरे पुन्हा जमावाच्या हल्ल्यांना बळी पडली.

पाकिस्तानात हिंदूंच्या विवाहाची नोंद करणारा कायदाच २०१६-१७ पर्यंत नव्हता. विवाहाचा पुरावा नाही, म्हणून पळवून नेलेली स्त्री कोणाची पत्नी आहे हे न्यायालयात सिद्ध करता येत नसे. सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध सिंधच्या विधानसभेने नोव्हेंबर २०१६ मध्ये विधेयक संमत केले. धार्मिक पक्षांनी आरडाओरड करताच राज्यपालांनी ते परत पाठविले. २०२१ मध्ये इस्लामाबादच्या संसदीय समितीनेही असेच विधेयक नाकारले. मुलगी चौदा वर्षांची झाली की बापाच्या डोळ्याला डोळा लागत नाही, अशी स्थिती ज्या समाजाची आहे, तो समाज यात्रेचा व्हिसा काढून हरिद्वारला येतो आणि परत जात नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये खोखरापार-मुनाबाव मार्गावर थार एक्स्प्रेस सुरू झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ती बंद पडली. मधल्या वर्षांत या गाडीने कितीतरी कुटुंबे अंगावरच्या कपड्यांनिशी जोधपूरला उतरली. परतीचे तिकीट त्यांच्या खिशात होते, परतीची इच्छा नव्हती.

कागदावरचे जिणे

इथे आल्यावर त्यांच्या नशिबी काय आले? दीर्घ मुदतीचा व्हिसा, त्याच्या नूतनीकरणासाठी परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या चकरा आणि परवानगीवाचून ठरावीक हद्दीबाहेर न जाण्याची अट. २०१६ मध्ये केंद्र सरकारने या व्हिसाधारकांना बँकेत खाते उघडणे, राहण्यासाठी घर घेणे, स्वतःचा व्यवसाय करणे, वाहन परवाना, पॅन आणि आधार कार्ड काढणे अशा सवलती दिल्या. त्या स्वागतार्ह होत्या. परंतु मतदानाचा हक्क नाही, सरकारी नोकरी नाही, मेघवाळ वा भिल्ल असूनही जातीच्या सवलती नाहीत. मे २०२३ मध्ये जैसलमेरजवळ अशा कुटुंबांच्या झोपड्यांवर बुलडोझर फिरला. वस्तीत मतदार असते, तर दहा नेते तिथे धावत आले असते.

कायद्याची गुंतागुंत पाहण्यासारखी आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ नुसार जी व्यक्ती किंवा जिचे आई-वडील यांपैकी एक जण अखंड भारतात जन्मले आहे, ती भारतीय वंशाची मानली जाते आणि सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीसाठी अर्ज करू शकते. १९४७ नंतर पंचाहत्तरहून अधिक वर्षे उलटली. आज तिशीत असलेल्या तरुणाचे आई-वडीलही पाकिस्तानातच जन्मले. म्हणजे ज्याच्या आजोबांना फाळणीने अडकविले, तो नातू कायद्याच्या लेखी भारतीय वंशाचाच उरला नाही! त्याला देशीयकरणाच्या लांब रांगेत उभे राहावे लागते. शिवाय त्यासाठी पाकिस्तानी पारपत्र चालू ठेवायचे, ते जमा करायचे, त्या देशाचे नागरिकत्व सोडल्याची कागदपत्रे आणायची. ज्या राजवटीच्या भयाने घर सोडले, तिच्याच वकिलातीच्या दारात उभे राहून तिचीच मोहोर मागायची, ही थट्टा नव्हे तर काय?

डिसेंबर २००४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार भारतात जन्मलेल्या मुलाला जन्माने नागरिकत्व मिळण्यासाठी त्याचे दोन्ही पालक भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा. बेकायदा घुसखोरीला आळा घालण्यासाठी ही तरतूद आवश्यकच होती. परंतु तिचा फटका जोधपूरच्या सरकारी रुग्णालयात जन्मलेल्या, तिथल्याच शाळेत ‘जन गण मन’ म्हणत मोठ्या झालेल्या मुलालाही बसतो. त्याने पाकिस्तान कधी पाहिलेलेही नाही. कागदोपत्री मात्र तो भारतीय नाही.

दुतोंडी विरोधक

डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने नागरिकत्व सुधारणा कायदा संमत केला. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती यांना बेकायदा स्थलांतरित मानले जाणार नाही आणि देशीयकरणासाठी वास्तव्याची अट अकराऐवजी पाच वर्षांची असेल, एवढाच त्याचा आशय. पण तेवढ्यावरून देशभर रस्ते अडविण्यात आले, जणू कोणाचे नागरिकत्व हिरावून घेतले जात होते!

विरोध करणाऱ्यांची स्मरणशक्ती मोठी सोयीची आहे. १८ डिसेंबर २००३ रोजी राज्यसभेत विरोधी पक्षनेते असलेल्या डॉ. मनमोहनसिंग यांनीच मागणी केली होती की, बांगलादेशासारख्या देशांतून छळामुळे आलेल्या अल्पसंख्यकांना नागरिकत्व देण्याबाबत सरकारने उदार दृष्टिकोन ठेवावा. पुढे दहा वर्षे ते स्वतः पंतप्रधान होते. ते औदार्य कायद्याच्या पुस्तकात मात्र उतरले नाही. मार्क्सवादी पक्षाने एप्रिल २०१२ मध्ये कोझिकोडच्या अधिवेशनात बंगाली निर्वासितांना नागरिकत्व द्यावे, असा ठराव केला आणि सरचिटणीस प्रकाश कारत यांनी पंतप्रधानांना तसे पत्रही लिहिले. तीच मागणी कायद्याच्या रूपाने समोर येताच ती घटनाविरोधी ठरली!

या पक्षाचा निर्वासितप्रेमाचा इतिहास जुना आहे. पूर्व बंगालमधून आलेल्या नमोशूद्र निर्वासितांना दंडकारण्यात पाठविले गेले. तिथून परत फिरून त्यांनी सुंदरबनातील मरीचझांपी बेटावर आपल्या श्रमाने वस्ती उभारली, शाळा काढली, दवाखाना काढला. १९७९ मध्ये पश्चिम बंगालच्या डाव्या आघाडी सरकारने त्या बेटाची नाकेबंदी केली, अन्नपाणी तोडले, गोळीबार केला आणि वस्ती पेटवून दिली. दलितांच्या नावाने गळे काढणाऱ्यांनी मरीचझांपीचे नाव घेतल्याचे क्वचितच ऐकू येते.

समानतेचा आक्षेप

कायद्याविरुद्धचा गंभीर आक्षेप एकच आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. धर्माच्या आधारे भेद करणे हे अनुच्छेद १४ शी विसंगत आहे, असे म्हटले जाते. परंतु हा भेद भारताने निर्माण केलेला नाही. ज्या राज्यांनी धर्माच्या आधारे आपल्या नागरिकांत पहिला आणि दुसरा दर्जा निर्माण केला, त्यांनी तो केला आहे. छळ धर्मामुळे झाला असेल, तर उपाययोजना करताना धर्माचा उल्लेख टाळता कसा येईल? रोगाचे नाव न घेता औषध द्यावे, असे म्हणण्यासारखेच ते आहे. समान नसलेल्यांना समान वागविणे म्हणजे समता नव्हे, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी वारंवार मान्य केले आहे.

अन्य कोणासाठी भारताची दारे बंद झालेली नाहीत. देशीयकरणाचा सर्वसाधारण मार्ग सर्वधर्मीयांना पूर्वीइतकाच खुला आहे. पाकिस्तानी वंशाचे गायक अदनान सामी यांना जानेवारी २०१६ मध्ये भारताचे नागरिकत्व मिळालेच. या देशातील एकाही मुस्लिम नागरिकाचा एकही हक्क या कायद्याने कमी झालेला नाही. त्याचे नागरिकत्व या मातीतले आहे आणि त्याला कोणीही हात लावलेला नाही. तेव्हा त्याला भीती घालून रस्त्यावर उतरविणाऱ्यांनी त्याचेही भले केले नाही.

ईशान्य भारताची चिंता मात्र वेगळी आहे आणि ती समजून घेतली पाहिजे. आसामच्या जनतेने घुसखोरीविरुद्ध सहा वर्षे आंदोलन करून १५ ऑगस्ट १९८५ चा करार मिळविला. आपली भाषा, आपली भूमी आणि आपली संस्कृती टिकावी, ही तिची इच्छा राष्ट्रविरोधी नाही. म्हणूनच सहाव्या परिशिष्टातील जनजाती क्षेत्रे आणि इनर लाइनचा प्रदेश या कायद्यातून वगळले आहेत. आश्रयाला आलेल्यांचा भार एकट्या आसामने वाहावा, असे कोणीही म्हणू नये. हे कर्तव्य साऱ्या देशाचे आहे आणि त्याचा भारही साऱ्या देशाने वाटून घेतला पाहिजे.

आपल्या सरकारलाही विचारावे लागेल

विरोधकांना जाब विचारणे सोपे असते. खरी कसोटी आपल्या माणसांना जाब विचारताना लागते. कायदा डिसेंबर २०१९ मध्ये झाला. त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी अधिसूचित झाले. सव्वाचार वर्षे! महासाथीचे कारण काही काळापुरते मान्य करता येईल, सव्वाचार वर्षांना ते पुरत नाही. नियम झाल्यावर १५ मे २०२४ रोजी दिल्लीत पहिल्या चौदा जणांना प्रमाणपत्रे मिळाली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्या चौदांच्या मागे उभी असलेली रांग किती लांब आहे, हे सरकारला ठाऊक आहे. संयुक्त संसदीय समितीपुढे गुप्तवार्ता विभागाने दिलेल्या माहितीनुसार, धार्मिक छळाच्या कारणावरून दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळालेल्यांचीच संख्या ३१,३१३ होती. त्यात २५,४४७ हिंदू आणि ५,८०७ शीख होते.

दुसरा प्रश्न तारखेचा. छळ काही ३१ डिसेंबर २०१४ च्या मध्यरात्री थांबला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने नव्या कायद्याखाली आदेश काढून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या या समाजांतील लोकांना, कागदपत्रे नसली वा त्यांची मुदत संपली असली तरी, कारवाईपासून संरक्षण दिले. म्हणजे ते छळामुळे आले आहेत हे सरकारनेच मान्य केले. मग नागरिकत्वाची तारीख दहा वर्षे मागे का राहावी? राहू देऊ, पण आपले म्हणणार नाही, हे घरात घेऊन ओसरीवरच बसविण्यासारखे झाले. संसदेने ही तारीख पुढे आणली पाहिजे. आजोबा-आजीच्या जन्मस्थानावरूनही भारतीय वंश मान्य केला पाहिजे. इथे जन्मलेल्या मुलांचा प्रश्न पालकांच्या अर्जाबरोबरच निकालात निघाला पाहिजे.

विलंबाची किंमत काय असते, हे जम्मूने पाहिले आहे. १९४७ मध्ये सियालकोटच्या परिसरातून ५,७६४ कुटुंबे जम्मूत आली. त्यांतील बहुसंख्य दलित आणि मागास समाजांतील होती. फाळणीने विस्थापित केलेल्या पंजाबातूनच आलेले इंद्रकुमार गुजराल आणि डॉ. मनमोहनसिंग देशाचे पंतप्रधान झाले. कराचीहून आलेले लालकृष्ण अडवाणी उपपंतप्रधान झाले. जम्मूत थांबलेल्या निर्वासिताचा नातू मात्र राज्य सरकारात शिपाईसुद्धा होऊ शकत नव्हता आणि विधानसभेसाठी मतही देऊ शकत नव्हता. कलम ३७० निष्प्रभ झाले, तेव्हा कुठे हे ग्रहण सुटले. विधानसभेसाठी त्यांनी पहिले मत दिले ते २०२४ मध्ये. तोवर मूळ निर्वासितांची पिढी चितेवर गेली होती. जोधपूरच्या वस्त्यांनाही सत्याहत्तर वर्षे थांबायला लावायचे काय?

महाराष्ट्राची परंपरा आणि आपले काम

महाराष्ट्राला निर्वासित नवे नाहीत. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आसरा मिळाला. ते गेल्यावर त्याच बराकींत सिंधी बांधव आले आणि आज गांधीनगरची कापडपेठ सर्वत्र प्रसिद्ध आहे. कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांनी उल्हासनगर उभे केले. पिंपरी आणि नागपूरची जरीपटका हीही त्यांच्याच कष्टांची साक्ष देतात. सरकारी मदतीसाठी हात पसरत बसण्याऐवजी त्यांनी रस्त्यावर पापड विकले, आणि एका पिढीत ते इतरांना रोजगार देऊ लागले. गडचिरोलीच्या चामोर्शी-मुलचेरा भागात वसविलेल्या बंगाली बांधवांनी जंगलाकाठच्या जमिनीत भातशेती फुलविली. नमोशूद्र ही जात महाराष्ट्राच्या यादीत नसल्याने त्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मात्र मिळत नाहीत, हे दुःख अजून शिल्लक आहे. नागरिकत्व मिळाले की सारे मिळाले, असे होत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

पाकिस्तानातून नंतर आलेली सिंधी कुटुंबे उल्हासनगर, नागपूर, पुणे येथे आप्तांच्या आधाराने राहिली आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने ज्या सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना अशा अर्जांवर निर्णय घेण्याचे अधिकार दिले, त्यांत मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर हे चार जिल्हे होते. २०२४ च्या नियमांनुसार अर्ज संगणकावर भरावा लागतो, टपाल खात्याच्या अधीक्षकाच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समिती कागदपत्रे तपासते आणि राज्य पातळीवरील अधिकारप्राप्त समिती निर्णय घेते. अर्जदार कोणत्या समाजाचा आहे, याबद्दल स्थानिक प्रतिष्ठित संस्थेचे प्रमाणपत्रही लागते. मुदत संपलेले पारपत्र पुरावा म्हणून चालते. हे सारे अनेकांना माहीतच नाही. ज्याने आयुष्यभर जमीनदाराच्या शेतात राबण्याखेरीज काही केले नाही, तो संगणकावर अर्ज कसा भरणार?

इथेच कार्यकर्त्याचे काम सुरू होते. कायद्याच्या समर्थनार्थ मोर्चे काढून झाले, घोषणा देऊन झाल्या. आता प्रत्येक शहरातील अशा कुटुंबांची यादी करावी, वकिलांनी आणि सनदी लेखापालांनी आठवड्यातील एक संध्याकाळ अर्ज भरून देण्यासाठी राखावी, शिक्षकांनी मुलांचे शाळाप्रवेश मार्गी लावावेत आणि डॉक्टरांनी वस्तीवर जावे. मध्यमवर्गीय कुटुंबांनी सणासुदीला यांच्यापैकी एका कुटुंबाला आपल्या पंगतीला बोलवावे. नागरिकत्वाचे प्रमाणपत्र सरकार देईल, परंतु ‘तुम्ही आमचेच’ हा शब्द समाजालाच द्यावा लागतो.

मावशी केळकरांनी कराचीत शब्द दिला, तेव्हा त्यांच्या हाती सत्ता नव्हती, खजिना नव्हता, कायदा नव्हता. तरी तो शब्द खरा झाला. आज सत्ता आहे, खजिना आहे आणि कायदाही आहे. आता तरी वाळवंटातल्या झोपडीतील म्हातारीला आपले शेवटचे श्वास परदेशी म्हणून घ्यावे लागू नयेत.